आजीच्या गोधडीवर रक्ताचा डाग पडलाय आणि त्यावर गरम पाणीही पडलंय, आता काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, मुलाचा रात्री झोपेत घोळणा फुटला, सकाळी बघितल्यावर घाबरून गिझरचं कडक पाणी ओतलं आणि साबण घासला, आता तळहाताएवढा तपकिरी डाग दोन्ही बाजूंनी दिसतोय. सासूबाई म्हणतायत ब्लीच टाक, बहीण म्हणतेय सरळ मशीनमध्ये घाल, आणि तुम्ही विचारताय यातलं कुठलं करू. यातलं काहीच आज करू नका. मी वीस वर्षांहून जास्त गोधड्या शिवते आणि जुन्या दुरुस्त करून देते, रक्ताचे डाग घेऊन येणाऱ्या गोधड्या दरवर्षी हातातून जातातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ काढा.

आधी एक सांगते, तुम्ही गरम पाणी टाकलं म्हणून स्वतःला फार दोष देऊ नका, दहातल्या आठ बायका तेच करतात कारण तेलकट डागाला गरम पाणी चालतं म्हणून हात तिकडेच जातो. रक्तात प्रथिनं असतात, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी, गार असेपर्यंत पाण्यात विरघळतात आणि साठ-सत्तर अंशांचं पाणी लागलं की गोठून धाग्याला धरून बसतात. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही, तसंच आहे हे. पण म्हणून डाग कायमचा झाला असंही नाही, त्याच्यावर खाली येतेच.

आता खरी अडचण काय आहे ते समजून घ्या, कारण इंटरनेटवरचे सगळे उपाय शर्ट किंवा चादर डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेले असतात. चादर म्हणजे एक पदर. गोधडी म्हणजे वर एक लुगडं, खाली एक, आणि मध्ये तीन-चार थर, कुठे धोतर, कुठे जुनी चादर, कुठे ठिगळांची भर. तुम्हाला दिसतोय तो डागाचा फक्त वरचा तोंडवळा आहे, बहुतेक रक्त मधल्या थरांनी पिऊन घेतलंय. म्हणून होतं काय, तुम्ही वरून घासता, वरचा पदर स्वच्छ दिसतो, समाधान वाटतं, आणि गोधडी वाळली की संध्याकाळी डाग परत वर. लोकांना वाटतं साबण चांगला नव्हता. तसं नसतं, कापड वाळताना पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जातं, दिव्यातली वात तेल ओढते तसं, आणि ते पाणी येताना मधला डाग सोबत घेऊन येतं. याच गोष्टीचा पुढे आपण फायदा करून घेणार आहोत.

दुसरी अडचण, तुमच्या गोधडीत कुठलं कापड आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. लुगडी म्हणजे नुसती सुती असली तर काम सोपं आहे. पण आजीच्या लुगड्यांत इरकल असेल तर अंग सुती असलं तरी पदर बऱ्याचदा रेशमी असतो, आणि कोपऱ्यांना किंवा मध्ये चौकोनात खणाचे तुकडे लावलेले असले तर तिथेही काठाला रेशीम असू शकतं. रेशीम हेही प्रथिनच, रक्तासारखंच. म्हणजे जे औषध रक्ताला खातं ते रेशमालाही खातं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका बाईंची गोधडी आली होती, सुती समजून मी ती रात्रभर एन्झाइमवाल्या पावडरीत भिजत घातली, सकाळी डाग गेला होता पण मधला इरकली पदर निस्तेज झाला होता आणि हात लावला की तंतू सुटत होते. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसता हात फिरवत बसल्या. तेव्हापासून कापड ओळखल्याशिवाय मी एक थेंबसुद्धा टाकत नाही. ओळखायचं कसं, तर काठाच्या आतून निघालेला एखादा सुटा धागा काढा आणि चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा, सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख होते, रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि काळी कुस्करता येणारी गुठळी होते, आणि प्लॅस्टिकसारखं वितळून कडक मणी झाला तर ते टेरिकॉट-पॉलिस्टर.

आणि रंग. जुन्या लाल, मरून, काळ्या आणि गडद हिरव्या रंगावर माझा बिलकूल विश्वास नाही. आजीने ती लुगडी पन्नास वेळा धुतली असली तरी ती गार पाण्यात आणि साध्या साबणात, तुम्ही आता वेगळं काहीतरी लावणार आहात. पांढरा कापूस जे वापरणार त्यात भिजवून डागाजवळच्या प्रत्येक रंगावर, आणि शिवलेल्या दोऱ्यावरसुद्धा, एक-दोन मिनिटं दाबून धरा. कापसावर रंग आला तर ते औषध तिथे नाही. दोरा विसरू नका, कितीतरी गोधड्यांना लाल-निळ्या दोऱ्याचा धावदोरा असतो आणि पांढऱ्या कापडावर रंग उतरतो तो तिथूनच.

अजून एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, डाग नुसत्या रक्ताचाच आहे ना? तुमच्या बाबतीत घोळणा आहे म्हणजे असावा, पण इतर कुणी वाचत असेल त्यांच्यासाठी लिहिते. आपल्याकडे गुडघा फुटला की आधी हळद दाबतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि बाई घाबरते की रक्त अजून निघतंय, मग आणखी साबण. ती हळद असते, साबणाच्या खारामुळे लाल होते, लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. ती उन्हात उडते, तिला रक्ताचे उपाय लागू नाहीत. आणि बेटाडीन लावलं असेल तर खळ दिलेल्या सुती कापडावर त्याचा डाग निळाकाळा पडतो, त्याला व्हिटॅमिन सीची गोळी कुटून पाण्यात विरघळवून लावली की डोळ्यांदेखत रंग जातो. मात्र नंतर भरपूर खंगाळायचं.

तसंच, अर्ध्याअधिक बायका मला फोनवर नुसतं "कसला तरी डाग आहे" म्हणतात, कारण तो पाळीचा असतो. मला मनापासून सांगावंसं वाटतं की सरळ सांगत जा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि मला कळलं नाही तर मी चुकीचं औषध लावेन. घरात आजारी माणसाची गोधडी असली, सुया-सलाईनचं रक्त असलं, तर हातमोजे घालून धुवा, हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो.

आता तुमच्या गोधडीकडे येते.

पहिलं काम पाणी, नुसतं गार पाणी, माठातलं असेल तर उत्तम. साबण तुम्ही आधीच घासलाय, तो आत अडकलेला असणार, तो निघाल्याशिवाय पुढचं काही नीट काम करणार नाही. गोधडीचा डागाचा भाग मोठ्या चाळणीवर किंवा जाळीच्या टोपलीवर ताणून ठेवा, मागची बाजू वर, आणि तांब्याने बारीक धार धरा. मागून पुढे. रक्त ज्या बाजूने आत शिरलं त्याच बाजूने त्याला बाहेर काढायचं, उलट बाजूने पाणी मारलं की ते आणखी खोल जातं. पाच-सात मिनिटं धार, मग खाली जाड पांढरा टॉवेल घालून तळहाताने दाबायचं. दाबायचं, घासायचं नाही. जुन्या लुगड्याचा धागा ओला असताना घासला की त्याला लव सुटते आणि ती जागा कायमची पांढुरकी दिसते, डागापेक्षा वाईट. टॉवेलवर तांबूस किंवा चहासारखं काही उतरतंय का बघा. उतरत असेल तर आनंदाची बातमी, अजून विरघळणारं रक्त आत आहे, हेच चार-पाच वेळा करा आणि पुढच्या औषधाची घाई करू नका. पाण्यात मीठ घातलं तर मदत होते, लिटरला एक चमचा, काही प्रथिनं साध्या पाण्यापेक्षा हलक्या मिठाच्या पाण्यात लवकर सुटतात. आमच्या घरातल्या जुन्या बायका मिठाचं पाणी वापरायच्या ते उगाच नाही. पण मीठ आत राहू द्यायचं नाही, शेवटी साध्या पाण्याने काढायचं.

टॉवेल कोरा यायला लागला की जे उरलं ते गोठलेलं. इथे एन्झाइम. बाजारातल्या चांगल्या लिक्विड डिटर्जंटच्या मागे बारीक अक्षरात एन्झाइम असं लिहिलेलं असतं, त्यातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम आपल्याला हवंय. आणि तुमच्यासाठी दिलासा हा की शिजलेलं प्रथिन एन्झाइमला तोडायला उलट सोपं जातं, आपल्याला कच्च्यापेक्षा शिजलेलं पचतं तसंच. लिटरभर कोमट पाण्यात, म्हणजे मनगटावर टाकलं तर ना गार ना गरम लागेल अशा, एक चमचा लिक्विड. डागावर ओतून पाणी सगळ्या थरांतून खालपर्यंत गेलं पाहिजे, वर ओला पंचा ठेवून अर्धा तास. वाळू द्यायचं नाही. मग चाळणी, धार, टॉवेल, परत तेच. दोनदा, तीनदा. हे फक्त सुती आणि पॉलिस्टरवर, डागाखाली रेशीम असेल तर ही पायरी पूर्ण सोडा, तिथे रिठ्याचं गार पाणी नाहीतर रेशमी-लोकरी कपड्यांचं सौम्य लिक्विड, आणि जेवढं निघेल तेवढ्यावर थांबा. कुणीतरी तुम्हाला कच्ची पपई चोळायला सांगेल, मटण शिजवायला लावतात ती, कारण तिच्या चिकातही प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. कल्पना चुकीची नाही, पण चिकाचं प्रमाण हातात नसतं आणि त्याचा स्वतःचा डाग पडतो, मी करत नाही.

यानंतर बहुतेक वेळा एक फिकट पिवळट-तपकिरी सावली उरते. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि याच्याबद्दल नीट लिहिते कारण लोक याला अगदी निरुपद्रवी समजतात. केमिस्टकडे मिळतं ते बऱ्याचदा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं दिसेल, ते तेवढ्याच पाण्यात मिसळून ३ टक्क्यांचं करायचं. बाटली घरात पडून असेल तर कच्च्या बटाट्याच्या कापावर थेंब टाकून बघा, फेस आला तर जिवंत आहे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत घ्या, धातूच्या नको. रंगाची परीक्षा करून झाली असेल तरच कापसाने फक्त सावलीवर लावा, पाच मिनिटं, मग धुवून टाका, हवं तर पुन्हा. ताज्या रक्तावर हे फसफसून येतं, तुमच्या डागावर फेस कमी येईल कारण फेस काढणारा रक्तातला घटक गरम पाण्याने मेलाय, म्हणून बाटली बाद समजून जास्त ओतू नका.

धोका कुठे आहे तर रक्तात लोह असतं. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की पेरॉक्साइड फार जोराने काम करतं आणि डागासोबत सुताचा धागाही खातं. लावून तसंच उन्हात ठेवलेली कापडं मी पाहिलीयत, डाग छान गेलेला आणि दोन-तीन धुण्यांनंतर बरोबर त्या जागी जाळी पडलेली. म्हणून पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, ऊन नको, आणि वाळू द्यायचं नाही. हाताला नाजूक लागणारं विरलेलं लुगडं असेल तर मी पेरॉक्साइड वापरतच नाही, सावली राहू देते.

सासूबाईंच्या ब्लीचबद्दल. त्यांना वाईट वाटू देऊ नका, त्यांच्या काळात पांढऱ्या धोतरावर ते चालून जायचं. पण क्लोरीनचं ब्लीच रंग नेतं, सुताची ताकद कमी करतं, रेशीम तर त्यात अक्षरशः विरघळतं, आणि गोधडीच्या थरांतून ते पूर्ण धुवून निघत नाही, आत राहून काम करत राहतं. लिंबू, व्हिनेगर किंवा अमोनिया यांच्यासोबत तर कधीच नाही, विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

मशीनचंही तसंच. पाच-सहा लुगड्यांची गोधडी कोरडी असतानाच अडीच-तीन किलो भरते, ओली झाली की दुपटीहून जास्त. ते वजन फिरताना आजीच्या धावदोऱ्यावर पडतं आणि पन्नास वर्षांचा दोरा कुठेतरी तुटतोच, एक तुटला की ओळ सुटते. नवी, बारीक टाक्यांची भक्कम गोधडी असती तर समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये गार पाण्यात नाजूक सायकलवर मी हो म्हटलं असतं. ही नाही.

पण एकदा पूर्ण धुवावी लागेलच, कारण फक्त डागापुरतं भिजवलं की जुन्या कापडावर भिजलेल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर पिवळसर वलय उमटतं, ती कापडातली जुनी मळकट द्रव्यं असतात, पाण्याबरोबर कडेला जाऊन बसतात. तेव्हा डागाचं काम झालं की त्याच दिवशी, वाळायच्या आत, मोठ्या टबात गार पाणी भरून पूर्ण गोधडी बुडवा, खाली जुनी चादर पसरून त्यावर गोधडी, म्हणजे उचलताना चादरीचे कोपरे धरून उचलता येईल आणि ओझं टाक्यांवर येणार नाही. पायाने हलकं दाबा, पिळू नका, धोपटायचं तर नावही नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला, सहा-सात वेळा लागेल.

वाळवताना ती वातीची गोष्ट आठवा. डागाच्या जागेवर दोन्ही बाजूंनी स्वच्छ पांढरं सुती कापड, जुनं धोतर चालेल, चार घडीचं करून ठेवा आणि वर एखादं वजन. आतून जे काही वर येईल ते गोधडीच्या पदरात न थांबता त्या कापडात जाऊन बसतं. दर दीड-दोन तासांनी घडी बदला. कापडावर तपकिरी ठिपका दिसला की समजा एका परत येणाऱ्या डागाला तुम्ही वाटेतच अडवलंत. बाजेवर किंवा दोन-तीन समांतर दोऱ्यांवर सपाट पसरा, सावलीत, वारा लागेल अशी, एका वळणीवर लोंबकळत नको. आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री अजिबात नाही.

एवढं सगळं करून मधल्या थरातला डाग हटतच नसेल तर आमच्या कामातला शेवटचा मार्ग उसवण्याचा. डागाभोवती चार-पाच बोटं जागेतला धावदोरा काढायचा, थर सुटे करायचे, मधला थर वेगळा धुवायचा किंवा बदलायचा, आणि जुन्या भोकांतूनच परत शिवायचं. मी हे करते पण आजीच्या हातचा टाका असेल तर दोनदा विचारते, कारण प्रत्येक बाईचा टाका वेगळा असतो, अक्षरासारखा, आणि मी कितीही सांभाळून शिवलं तरी ती जागा माझ्या हाताची होते. उसवणार असाल तर आधी जवळून फोटो काढा आणि निघालेला दोरा फेकू नका.

क्रम विसरू नये म्हणून परत लिहिते: कापड आणि रंग तपासा, गार पाण्याची मागून धार आणि टॉवेल, मग डागाखाली रेशीम नसेल तरच एन्झाइमचं कोमट पाणी, मग सावली उरली आणि कापड भक्कम असेल तरच पाच मिनिटं पेरॉक्साइड, त्याच दिवशी पूर्ण धुणं, आणि वर-खाली पांढरं कापड लावून सावलीत वाळवणं. सकाळी लवकर सुरू करा म्हणजे दिवसभर वाळायला मिळेल, पावसाळी दिवस असेल तर दोन दिवस थांबा, असा शिजलेला डाग दोन दिवसांनी आणखी बिघडत नाही पण ओली राहिलेली गोधडी बुरसते. आणि गोधडी खरंच फार जुनी असेल, हात लावला की विरत असेल, तर घरी पाणीच लावू नका, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

तुमच्यासारख्या डागातून माझ्या अंदाजाने बराचसा निघेल, पूर्ण निघेलच असं वचन मी कुणालाच देत नाही. मी स्वतः शिवताना सुई बोटात घुसते तेव्हा लगेच कच्चा दोरा तोंडात ओला करून तो थेंब टिपून घेते, क्षणात जातो, कारण तो ताजा असतो. तुमचा ताजा नाही आणि शिजलेला आहे, एवढा फरक धरून चाला.

आणि फिकट सावली राहिलीच आणि ती डोळ्यांना खुपत असेल, तर ठिगळ लावा. गोधडी मुळात ठिगळांचीच वस्तू आहे, आजीनेही कुठेतरी विरलेल्या जागी लावलेलं असणार, उलटसुलट करून बघा, सापडेल. तिच्याच एखाद्या लुगड्याचा, पोलक्याचा तुकडा घरात ट्रंकेत पडला असेल तर तो घ्या. नवं कापड घेणार असाल तर आधी दोन-तीनदा धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आखडतं आणि भोवतीचं जुनं लुगडं ओढून फाडतं. कडा आत दुमडून बारीक टाक्याने नुसत्या वरच्या पदराला लावा, सगळ्या थरांतून आरपार टाके मारू नका, म्हणजे उद्या काढावंसं वाटलं तर काढता येईल.